अर्धं भोक मोठ्या बाबांचं

आमच्या गावात डांबरी रस्ता यायच्या आधी आंतरराष्ट्रीय सहकार्य आलं. शेजारच्या आंजीहून आत यायला तेव्हा नुसती मातीची पांदण होती. पावसाळ्यात बैलही तिच्यात पाय टाकायच्या आधी मालकाकडे वळून बघायचे. तरी सहकार्य त्या पांदणीतून जीपमध्ये बसून आलं आणि बैठकीत न थांबता थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरलं. ऐंशीनंतरची ती तीन-चार वर्षं. मी वर्ध्याला बी.ए. करत होते, आणि घरात इंग्रजी कळणारी मी एकटीच होते. कळणारी म्हणजे पास होण्यापुरती.

त्याआधी आईच्या डोळ्याचं सांगायला हवं. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. मी तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, चुलीत काय जाळता. आई म्हणाली, पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहिलेली झाडं उपटायची, वाळवायची आणि वर्षभर जाळायची. आमच्याकडे सगळं गाव हेच जाळतं. वाळलेली असली तर पऱ्हाटी भराभर पेटते, जरा सादळली की नुसती धुमसत बसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा डोळा गेला. दुसरा राखायचा असेल तर धूर बंद करा." मीठ कमी खा म्हणावं तसं त्यांनी ते सांगितलं. एसटीत आई मला म्हणाली, "धूर बंद करा म्हन्ते. मंग सैपाक का उन्हात करू?"

म्हणून ग्रामसेवक निर्धूर चुलीची योजना घेऊन आला तेव्हा मला तो देवदूतच वाटला. त्याच्या सायकलीची चेन दर चौकात पडायची, पण योजना मोठी होती. आपल्याकडची जंगलं चुलीत जातात, जंगलं गेली की पाऊस जातो, पाऊस गेला की सगळ्या जगाचं नुकसान होतं, म्हणून जगानं मनावर घेतलं होतं. चूल एक देश देणार होता. पाइप दुसरा देश. दोन्ही थंड, दोन्ही श्रीमंत. आणि भिंतीला भोक पाडणं हा लोकांचा सहभाग. एकाच देशानं चूल आणि पाइप दोन्ही का देऊ नये, असं मी विचारलं.

ग्रामसेवक म्हणाला, "ताई, मंग त्याले सहकार्य नाई म्हनत."

चूल आली, तीन माणसांनी मिळून बसवली. दोन भांड्यांची, गुळगुळीत, पुढे पाहिजे तेवढंच तोंड, बाकी सगळी बंद. आई तिच्यावरून हात फिरवत राहिली. ग्रामसेवकानं जाताना सांगितलं की दोन्ही देशांचे साहेब बघायला येणार आहेत, तोवर चूल चांगली ठेवा. एवढंच तो म्हणाला. बाबांनी त्याचा अर्थ आमच्या पद्धतीनं काढला. पाहुण्यासाठी केलेलं पाहुण्याच्या आधी कोणी तोंडी लावत नाही, मग ती पुरणाची पोळी असो की चूल.

"उष्टी चूल दाखवत असते का पाहुन्याले?" बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

तशीही ती पेटवून उपयोग नव्हता, कारण पाइप यायचा होता. तरी मी भांडले. निर्धूर चूल कोनाड्यातल्या देवासारखी पांढरी करून ठेवली होती, आणि तिच्या शेजारी बसून आई जुन्या चुलीत फुंकणीनं फुंकत होती. दिवाळीला बाबांनी नव्या चुलीत पणती लावली. पुढे मांजरीनं तिच्यात पिल्लं घातली. जागा तिला पसंत पडली असावी. धूर नाही, वारा नाही, कोणी विस्तव घालत नाही.

पाइपही आला. राखाडी सिमेंटचा, वर कोपरासारखा वाकलेला. आता भोक. स्वयंपाकघराला चार भिंती होत्या, पण पाइपाच्या कामाची एकच. एका भिंतीपलीकडे देव, दुसरीपलीकडे कापूस भरायची खोली, तिसरीत दार. छपराचे कवेलू काढून वरून न्यावा तर पाइपाला कोपर होता, आणि तो भिंतीतूनच जाणार हे समुद्रापलीकडे ठरून आलं होतं. राहिली चौथी भिंत. ती सामाईक होती, आणि तिच्यापलीकडे मोठ्या बाबांचं अंगण होतं.

मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वाटणी झाली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. शेत, घर, बैल, भांडी सगळं शहाण्यासारखं वाटलं गेलं आणि शेवटी उरलेल्या पाट्या-वरवंट्यावर दोघे अडले. पंचांनी पाटा आमच्याकडे दिला, वरवंटा त्यांच्याकडे. न्याय झाला. तेव्हापासून आई नदीतल्या गोट्यानं मिरची वाटते, आणि मोठ्या बाबांचा वरवंटा त्यांच्या दाराला टेकण म्हणून लागतो.

पुढे मोठी आई वारली, मुलगा नागपूरला गिरणीत लागला, मोठे बाबा एकटे राहिले. मग आई रोज दोन्ही वेळा झाकलेलं ताट दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर ठेवू लागली. मोठे बाबा येऊन ते उचलायचे आणि रिकामं ताट धुऊन तिथेच ठेवायचे. बाबा त्या वेळेला बैलांकडे बघत असायचे. बोलणं बंद होतं, भाकर चालू होती.

आई तर त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती, पण त्याचा भांडणाशी संबंध नव्हता. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यापुढे पदर पार खाली ओढायचा, शब्द बोलायचा नाही, समोरून आलाच तर भिंतीकडे तोंड करायचं. भासऱ्यानंही दाराबाहेर खोकून मगच आत यायचं. लग्न होऊन आल्यापासून आईनं त्यांचे पाय तेवढे पाहिले होते. चेहरा कसा आहे हे तिला बाबांच्या चेहऱ्यावरून अंदाजानं माहीत होतं.

भोकाची बातमी कळली तेव्हा मोठे बाबा अंगणात उभे राहून आपल्या म्हशीला मोठ्यानं म्हणाले, "भाकर येते तं येऊ दे. धूर नाई येऊ देत मी माह्या अंगनात."

इकडून बाबांनी आमच्या बैलाला सांगितलं, "धुरावर का नाव लिवून राह्यते? गावात चुली का कमी हायेत?"

जनावरांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. पाइप ओसरीत आडवा पडून राहिला आणि त्यावर आम्ही ओले टॉवेल वाळत घालू लागलो. अर्धी भिंत मोठ्या बाबांची, तेव्हा त्यांच्या होकाराशिवाय भोक नाही, हे ग्रामसेवकानं वर कळवलं. वरच्यांनी आणखी वर कळवलं असावं, कारण जवळजवळ वर्षानं निरोप आला की दोन्ही देशांचे साहेब स्वतः येतायत, आणि नुसती चूल बघायला नाही, तर भिंतीचा प्रश्न समजून घ्यायला. मोठ्या बाबांना ग्रामसेवकानं जाऊन सांगितलं, "सायब तुमची तक्रार ऐकाले येऊन राह्यले." आपली तक्रार समुद्रापलीकडे गेली हे ऐकून मोठ्या बाबांनी दाढी केली.

मला वर्ध्याहून बोलावून घेतलं. बाबांनी मांजर पिल्लांसकट गोठ्यात हलवलं आणि चुलीला पुन्हा एकदा चुना दिला. चूलवाल्या देशाचा साहेब उंच आणि सडपातळ होता. सतरंजीवर बसला तर त्याचे गुडघे कानाशी आले. पाइपवाल्या देशाचा बुटका, गुलाबी, आणि घाम पुसून पुसून थकलेला. कारंज्याच्या ढाब्यावर त्यांना कोणी तरी तिखटजाळ सावजी रस्सा खाऊ घातला होता, त्याचा परिणाम अजून चेहऱ्यावर होता. मोठे बाबा गल्लीनं वळसा घालून, दाराशी खोकून, कित्येक वर्षांनी आमच्या घरात आले आणि बाबांकडे पाठ करून बसले. आईनं पदर ओढला आणि जुन्या चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली. जिच्या डोळ्यासाठी हे सगळं चाललं होतं ती भिंतीकडे, आणि आम्ही सगळे मध्यभागी पांढऱ्या चुलीभोवती.

चर्चेची रीत अशी पडली. बाबा बोलत ते मोठ्या बाबांना हातभर अंतरावरून ऐकू येत होतं, पण त्यांनी ते ऐकलं नव्हतं. मी ते इंग्रजीत सांगायचं, साहेबांनी मान हलवून त्यावर काही म्हणायचं, मी ते मराठीत आणायचं, मग मोठ्या बाबांच्या कानावर ते अधिकृतपणे पडायचं. एकदा मला घाई झाली आणि मी मधली इंग्रजी गाळली.

मोठे बाबा म्हणाले, "थांब ना पोरी. सायबाले पयले सांग. मी अजून काई ऐकलं नाई."

तर मोठ्या बाबांनी म्हणणं मांडलं: चूल त्यांची, भाकर त्यांची, धूर मात्र माझ्या अंगणात. मी माझ्या इंग्रजीत ते जमेल तसं उभं केलं. उंच साहेबानं ते ऐकलं, चष्मा काढला आणि एकदम सरळ बसला. म्हणाला, आमच्याकडे अगदी हेच चाललंय. त्याच्या देशात मोठी तळी होती. शेजारच्या देशांतल्या कारखान्यांचा धूर वाऱ्यानं यायचा, पावसात मिसळून तळ्यांत पडायचा, आणि मासे मरायचे. तळ्याचं पाणी आता इतकं स्वच्छ झालंय की तळ दिसतो, कारण त्यात काहीच जगत नाही.

हे मराठीत आल्यावर मोठ्या बाबांनी उंच साहेबाला एकदा नीट निरखून पाहिलं. मग म्हणाले, "पानी सोच्छ अन् मासा नाई? मंग ते पानी का चाटाचं हाये? विचार त्याले, शेजारी कोन हाये."

मी विचारलं. उंच साहेबानं बुटक्या साहेबाकडे पाहिलं.

बुटका साहेब रुमाल खिशात ठेवून म्हणाला की धूर नेमका कोणत्या देशाचा हे अजून सिद्ध झालेलं नाही, कारखाने काय फक्त आमच्याकडेच आहेत का. मी ते भाषांतर करत असतानाच बाबांचा चेहरा उजळला. वर्षभरापूर्वी बैलाला सांगितलेलं आपलं म्हणणं हजारो कोसांवरून आलेल्या माणसाच्या तोंडून निघत होतं. बाबा उठले आणि सतरंजीवर बुटक्या साहेबाच्या शेजारी जाऊन बसले. ते बघून मोठे बाबा उंच साहेबाकडे सरकले. आमच्या स्वयंपाकघरात अशा दोन आघाड्या झाल्या आणि ग्रामसेवक मध्ये चुलीला टेकून तटस्थ राहिला. त्याच्या शर्टाला पाठीवर चुना लागला.

बुटक्या साहेबानं तोडगाही आणला होता. पाइप आणखी उंच करू. कवेलूंच्या वर, झाडाच्या वर नेऊ. धूर यांच्या अंगणात पडणारच नाही. बाबांना हे फार आवडलं. पण उंच साहेब लाल झाला. म्हणाला, तुम्ही तुमच्याकडे हेच केलंत, धुरांडी उंच केलीत, म्हणून तर धूर आमच्यापर्यंत आला. बुटका म्हणाला, धुरांडी आमची, ती किती उंच करायची ते आम्ही ठरवू. मग दोघे इतक्या भराभर बोलायला लागले की माझ्या इंग्रजीनं हात टेकले. ग्रामसेवक माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "ताई, हे चुलीबद्दल हाये का?" मी म्हटलं, माशांबद्दल.

मोठ्या बाबांना भाषा कळत नव्हती, पण भांडण कळत होतं. त्यांनी हात वर करून दोघांना थांबवलं आणि मला म्हणाले, "याले विचार, तुमी त्या बुटक्याच्या घरचं काई खाता का?" मी विचारलं. उंच साहेब जरा ओशाळला. म्हणाला, खरेदी-विक्री चालू आहे. यंत्रं घेतो त्यांच्याकडून, बरंच काही घेतो. मोठ्या बाबांची नजर त्यांची रोजची भाकर भाजणाऱ्या आमच्या जुन्या चुलीकडे गेली. तिथे आई बसली होती, म्हणून त्यांनी लगेच मान वळवली.

एवढ्यात आईनं चहा ठेवला. पाहुणे आलेत म्हणजे चहा, त्यात तिला विचारायचं काय होतं. पण आदल्या दिवशी रस्ता बघायला आलेल्या जीपमुळे पांदणीत आमची बैलगाडी अडली होती आणि पऱ्हाट्यांचा भारा रात्रभर दवात पडला होता. तिनं फुंकणी मारली आणि चूल धुमसली. आधी पिवळट, मग करडा, मग काहीच दिसेना. बुटका साहेब खोकत दाराकडे धावला. उंच साहेबाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. बाबा, मोठे बाबा, ग्रामसेवक सगळे बाहेर. धुरावरची आंतरराष्ट्रीय परिषद धुरानं उठवली.

समोरच्या अंगणात जीपभोवती सगळं गाव जमलं होतं, उभं राहायला जागा नव्हती. म्हणून सगळे डोळे पुसत मोठ्या बाबांच्या अंगणात गेले. मोठ्या बाबांनी खाट टाकली. चर्चा आता त्यांच्या भूमीवर सुरू झाली, पण पाहुण्यांना द्यायला त्यांच्या घरात काही नव्हतं. तेवढ्यात बुटक्या भिंतीवर एक कप आला. मग दुसरा. मोठे बाबा एकेक कप उचलून साहेबांच्या हातात देत गेले, यजमान म्हणून. उंच साहेबानं मला विचारलं, हे कोण ठेवतंय. मी म्हटलं, माझी आई. तो म्हणाला, तिलाही बोलवा ना. मी म्हटलं, ती येऊ शकत नाही, तुमच्या आघाडीचे पुढारी तिचे भासरे लागतात. हे इंग्रजीत कसं सांगितलं ते आता आठवत नाही, पण त्यानं गंभीरपणे मान हलवली.

मी मात्र भिंतीवरून वाकून आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहत होते. सगळे बाहेर आले होते आणि आई एकटी त्या धुरात बसून उरलेले कप भरत होती. शेवटच्या कपाच्या वेळी चहाची धार कपाच्या बाजूला पडत राहिली आणि तिच्या ते लक्षात आलं नाही. मग तिनं कपात बोट घालून पाहिलं, तो रिकामा आहे हे तिला कळलं, आणि तिनं पुन्हा ओतलं. मला त्या दोन भावांच्या, त्या दोन देशांच्या, त्या माशांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, कारण मला पुढच्या वाक्याचं भाषांतर करायचं होतं.

पुढचं वाक्य असं होतं की प्रगती समाधानकारक आहे. आता पलीकडच्या अंगणात किती धूर येतो ते मोजायचं, आणि मोजल्यावर भोकाचा निर्णय घ्यायचा. मी म्हटलं, भोक नाही तर धूर पलीकडे येणार कुठून, आणि मोजणार काय. दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत दिसलं. बुटका म्हणाला, हा मुद्दा चांगला आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. मग चुलीपाशी सगळ्यांचा फोटो काढला. आईला त्यात यायला सांगितलं तर ती आली, भासरे होते म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो फोटो पुढे आमच्याकडे आला. त्यात दोन साहेब हसतायत, ग्रामसेवक हसतोय, दोघे भाऊ विरुद्ध दिशांना बघतायत, आणि मध्ये एक पाठ आहे.

पुढची बैठक काही झाली नाही. आणखी एक पावसाळा गेला, पुन्हा हिवाळा लागला. मांजर चुलीत परत आलं. थंडीत मी परीक्षेनंतर घरी आले तर आईच्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याचे चट्टे होते. जुन्या चुलीचं तोंड तिला सापडत नव्हतं. मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. त्याच डॉक्टरीणबाईंनी तशीच बॅटरी मारली आणि या वेळी काहीच विचारलं नाही. उजेड-अंधार कळेल, म्हणाल्या, त्यापुढे नाही. मला इतका राग आला होता की मी परतीच्या एसटीत रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको वो माय. मले दिसून नाई राह्यलं, पन ऐकू येते ना तुह्यं."

दोन दिवसांनी बाजाराचा दिवस होता. बाबा वर्ध्याला गेले होते. मी न्हाणीतून आले तर स्वयंपाकघरात धपधप आवाज. आई नव्या चुलीमागे उभी राहून लोखंडी सब्बल मारत होती, त्या चौथ्या भिंतीत. डोक्यावरचा पदर उतरवून कमरेला खोचला होता, माती अंगावर उडत होती. मी म्हटलं, आई, पलीकडे मोठे बाबा बसले असतील.

"बसले असन तं बसू दे," ती म्हणाली. "आता मले भासरा दिसतच नाई. आता कायचा पदर?"

मी सब्बल तिच्या हातून घ्यायला गेले, तिनं दिली नाही. तेवढ्यात पलीकडून कोणी तरी खोकलं. दाराशी खोकतात तसं, येतोय हे सांगायला. आई थांबली. मग पलीकडून मोठ्या बाबांचा आवाज आला. ते म्हशीशी बोलत नव्हते, तेवढं मला कळलं.

"थांब. अर्धी भिंत माही हाये. माह्या हिश्शाचं भोक मीच पाडीन."

आणि पलीकडूनही धपधप सुरू झालं. आईनं इकडून पुन्हा सब्बल उचलली. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचे घाव ऐकत होते. जे दोन सरकारांना जमलं नव्हतं ते दुपारपर्यंत झालं, फक्त दोन्ही भोकं समोरासमोर आली नाहीत. आईचं खाली आलं, मोठ्या बाबांचं वीतभर वर. दोघांनीही आपल्या हद्दीत बरोबर काम केलं होतं. मग मोठ्या बाबांनी आपल्या बाजूनं पहारीनं तिरपं कोरत आणलं, आणि पाइपाचा तो कोपर त्यात असा बसला की जणू परदेशात कोणी आमची भिंत बघूनच केला होता. संध्याकाळी बाबा बाजारातून आले, पाइपाकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, आणि त्यालाही काही म्हणाले नाहीत.

मांजर पुन्हा गोठ्यात गेलं. आईनं चुलीला हळदकुंकू लावून विस्तव घातला. पहिल्यांदाच आमच्या घरात भाकरी होताना कोणी खोकलं नाही. आई गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती आणि म्हणत होती, किती बरं वाटते, किती बरं वाटते. मला तिच्याकडे बघवेना. दोन वर्षं ही चूल तिच्या हाताशी होती.

पण लवकरच एक अडचण आली. जुन्या चुलीत विस्तव मंदावला की धूर डोळ्यात जायचा आणि तिला कळायचं. ही चूल सगळी बंद. आत पऱ्हाटी पेटलीय की विझलीय, तिला दिसत नव्हतं आणि धूरही सांगत नव्हता. ती थंड तव्यावर भाकर टाकून बसून राहायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती अशीच बसली होती, मी डाळ निवडायला घेतली होती, आणि पाइपातून पोकळ आवाज आला.

"चूल इझली. पऱ्हाटी लोट आत."

आई दचकली. मग तिनं चाचपत पऱ्हाटी आत सरकवली, फुंकर मारली. भासऱ्याला उत्तर द्यायचं नसतं, ती रीत तिनं डोळे गेले तरी सोडली नव्हती. तिनं फुंकणी उचलून पाइपावर एकदा ठोकली. ऐकलं, म्हणून.

त्या दिवसापासून मोठ्या बाबांची खाट पाइपाखाली आली. सकाळ-संध्याकाळ, सैपाकाच्या वेळेला ते तिथे धूर अंगावर घेत बसलेले असत. बाबांशी ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. वरवंटाही दिला नाही.

काही वर्षांनी उंच साहेब पुन्हा आला. तोवर रस्ता झाला होता, मी वर्ध्याला शाळेत शिकवत होते आणि माझं इंग्रजी सुधारलं होतं. धूर निघणारा पाइप आणि त्याखाली बसलेले मोठे बाबा बघून त्याला भरून आलं. म्हणाला, हे काय करतायत. मी म्हटलं, धुरावर लक्ष ठेवतात. रोज? रोज, दोन वेळा. तो आनंदला. त्यांच्याकडे याच कामासाठी ठिकठिकाणी यंत्रं बसवली होती, आणि तरी भांडण चालूच होतं. त्यानं वही काढली आणि मला म्हणाला, यांना विचार, धूर किती झाला की हे तक्रार करतात.

मी विचारलं. मोठे बाबा आता थकले होते. त्यांनी डोळे पुसले. धुरानं त्यांचेही लाल झाले होते.

"धूर आला तं नाई बोलत मी," ते म्हणाले. "बंद झाला का सांगतो. तिले दिसत नाई ना."

मी ते शब्दाला शब्द लावून सांगितलं. साहेबानं लिहायला सुरुवात केली आणि थांबला. पाइपातून येणारा धूर तेवढ्यात बारीक झाला, तुटक झाला. मोठे बाबा भिंतीकडे वळून म्हणाले, "लोट आत." आतून फुंकणीचा एक ठोका आला.